कल्पित सृष्टि आणि रसिकांचा हक्क

वेरूळ येथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यास आमच्याकडील लोक 'सुताराची झोंपडी' म्हणतात. आंत जाऊन मान वर केली म्हणजे या नांवाचें कारण तत्काळ ध्यानांत येतें. चैत्यगृहाच्या कमानदार छतास लांकडी वाशांसारख्या दिसणाऱ्या फांसळ्या कोरलेल्या आहेत. त्या फांसळ्यांवर कसलाही भार नाहीं; अखंड डोंगर पोखरून केलेल्या घराला वाशांची गरज ती काय असणार? परंतु भाजें व कार्लें येथील, वेरूळहून कित्येक शतकें जुन्या चैत्यगृहांत खरेखुरे लांकडी वासे बसविलेले होते. कार्ल्याचे तर आजही पाहावयास मिळतात. उपासकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची दृष्टि त्या वाशांस सरावली होती. सातव्या शतकांतील वेरूळच्या पाथरवटानें दगडाला लांकडाचें रूप दिलें, तें बांधकामाच्या निकडीनें खास नव्हे. वासे दिसले नाहींत तर येणाऱ्यास हें चैत्यगृह वाटणारच नाहीं, असा कांहींसा विचार त्याच्या मनांत असला पाहिजे.

एकाच जातीची कलाकृति पुनःपुन्हां घडविली जाऊं लागली म्हणजे घडविणाऱ्याच्या हातावर पाहणाराच्या स्मृतीचा असा अंमल चालूं लागतो. हा अंमल कितपत इष्ट आणि कोठपर्यंत न्याय्य, हा आजच्या लेखाचा विषय आहे. मात्र त्याचें मुख्य उदाहरण आम्ही लेण्यांतून किंवा नाटक-कादंबऱ्यांतून घेणार नसून, तरुण मंडळी संगणकावर खेळतात त्या खेळांतून घेणार आहों. कित्येक वाचकांस हा विषय या पृष्ठांस न शोभणारा वाटेल. कांहीं दिवसांपूर्वीं आम्हांसही तसेंच वाटलें असतें.

आमचा पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो व आमच्याच घरीं राहतो. रात्रीं उशिरापर्यंत तो संगणकापुढें बसलेला पाहून आम्ही एकदां त्यास फार बोललों. त्यानें शांतपणें उत्तर दिलें, "काका, पुस्तक वाचल्याशिवाय मत देऊं नये असें तुम्हीच वर्गांत सांगतां ना? मग एकदां खेळून बघा, आणि मग बोला." या युक्तिवादास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तीस वर्षें जें दुसऱ्यांस शिकविलें, तें स्वतःवर उलटलें असतां मान्य करण्यावांचून गत्यंतर नसतें.

त्यानें आम्हांपुढें ठेविली ती 'एल्डर स्क्रोल्स' नांवाची मालिका. अमेरिकेच्या मेरिलंड राज्यांतील बेथेस्डा या संस्थेनें तिचा पहिला खेळ, 'अरीना', १९९४ सालीं काढला. त्यामागून 'डॅगरफॉल' १९९६ सालीं, 'मॉरोविंड' २००२ सालीं, 'ऑब्लिव्हियन' २००६ सालीं आणि 'स्कायरिम' २०११ सालीं आले. या सर्वांची रंगभूमि एकच, टॅम्रिएल नांवाचें कल्पित खंड. त्याला स्वतःचे प्रांत, वंश, देव, राजघराणीं आणि जुने वाद आहेत. खेळांत ठिकठिकाणीं ठेवलेलीं पुस्तकें उघडून तीं वाचतां येतात. खेळणारानें आपल्या पसंतीचें एक पात्र व्हावयाचें, आणि त्या पात्राच्या नात्यानें या सृष्टींत वाटेल तिकडे जावयाचें. नाटकांत नट भूमिका करतो व प्रेक्षक पाहतो; येथें पाहणाराच नट होतो. म्हणूनच या खेळांस भूमिकेचे खेळ म्हणतात, आणि म्हणूनच त्यांच्या रसिकांचा आपल्या खेळावरील हक्काचा सूर इतर कोणत्याही कलेच्या रसिकांहून अधिक चढा असतो. ज्या गांवांत मनुष्य शंभर रात्री राहिला, त्या गांवाविषयीं तो परक्यासारखा बोलूं शकत नाहीं.

पहिली गोष्ट आकाराची. 'डॅगरफॉल'चा प्रदेश सुमारें १,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या दुपटीहूनही मोठा आहे, आणि त्यांतील गांवें, देवळें व भुयारें मिळून सुमारें १५,००० ठिकाणें आहेत. एवढें जग कोणा मनुष्यानें हातानें घडविलेलें नाहीं. बहुतेक सर्व संगणकानेंच ठराविक नियमांनीं रचलें. परिणाम असा कीं, एक गांव पाहिलें म्हणजे शंभर पाहिल्यासारखें होतें. 'मॉरोविंड'च्या वेळीं कर्त्यांनीं उलट मार्ग धरला. एका ज्वालामुखीभोंवतालचें एकच बेट घेतलें आणि त्यांतील टेकड्या, घरें, माणसें, इतकेंच नव्हे तर टेबलावरचे पेलेसुद्धां हातानें मांडले. आकार हजारों पटींनीं घटला. तरी रसिकांच्या स्मरणांत जग म्हणून जें अधिक ठसलें, तें हें लहान बेट. झाडाएवढ्या अळंब्या, राखेचीं वादळें, पाठ पोखरून आंत प्रवासी बसवितात असे प्रचंड किडे, यांपैकीं कांहींही आपल्या ओळखीचें नाहीं. असें असूनही घटकाभरानें तें सारें खरें वाटूं लागतें, कारण त्यांतील प्रत्येक वस्तु दुसरीस आधार देते. जगाचें मोठेपण क्षेत्रफळावर नसून परस्परसंबंधांवर असतें, हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट वाटेची, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मॉरोविंड'मध्यें कोणी काम सांगितलें म्हणजे वाटही तोंडीच सांगतो: अमक्या पुलापाशीं वळा, नदी उजव्या हातास ठेवून वर चढा, दोन खडकांच्या मधून जा. आमच्याकडे खेड्यांत वाट विचारली असतां वडापासून डावीकडे आणि मारुतीच्या देवळामागून असें सांगतात, तसाच हा प्रकार. आम्ही दोन संध्याकाळी सपशेल चुकलों. एकदां तर भलत्याच थडग्यांत शिरून प्राणास मुकलों. परंतु तिसऱ्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें कीं, त्या दरीचा नकाशा आतां आमच्या डोक्यांत आहे. नदी कोठें वळते, पूल कोठें आहे, हें आम्ही डोळे मिटून सांगूं शकलों असतों.

वाट सांपडत नाहीं ही अर्थात् पुष्कळांची तक्रार होती. ती कर्त्यांनीं ऐकली. 'ऑब्लिव्हियन'मध्यें पडद्याच्या तळाशीं होकायंत्र आलें व त्यावर जावयाच्या ठिकाणाची खूण आली. खुणेच्या रोखानें चालत राहिलें म्हणजे झालें. शिवाय पाहिलेल्या ठिकाणीं एका क्षणांत पोंचण्याचीही सोय झाली. 'स्कायरिम'मध्यें ही सोय इतकी रुळली कीं, अनेक कामांत पात्रें वाट सांगतच नाहींत. खूण झांकली तर ठिकाण सांपडण्याचा दुसरा उपाय उरत नाहीं. आम्ही पुतण्याच्या शेजारीं बसून तोही खेळ खेळलों. निसर्ग अप्रतिम आहे. पण अर्ध्या तासानें आम्ही त्यास विचारलें, "आतां आपण कोणत्या नदीवरून आलों?" त्यास सांगतां आलें नाहीं, आम्हांसही नाहीं. आमची नजर सारा वेळ त्या खुणेवर होती.

देवगिरीच्या किल्ल्यांतील अंधारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस आमचें म्हणणें चटकन् कळेल. तो वळणावळणाचा काळोखी मार्ग शत्रूस चकविण्यासाठींच खोदलेला आहे. चांचपडत जाणें हाच त्या मार्गाचा अर्थ. त्यांत जर कोणी डोळ्यांपुढें बाण धरला, तर अंधारीचा नुसता जिना होईल. आणि येथें आम्हांस आमच्या वर्गाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. बाजारांत मिळणारीं गाईडें दुसरें काय करतात? कादंबरीच्या अरण्यांत शिरण्यापूर्वींच विद्यार्थ्यास उत्तराची खूण दिसूं लागते. तो खुणेवर पोंचतो, गुणही मिळवितो. मात्र कोणत्या नदीवरून आला तें त्यास ठाऊक नसतें. या बाणाची मागणी विद्यार्थ्यांनीं केली हें खरें, पण ती पुरविणाऱ्यांत आम्ही शिक्षकही होतों. परीक्षा जवळ आली म्हणजे महत्त्वाचे प्रश्न आम्हींही फळ्यावर लिहून दिले आहेत. यास्तव खेळाच्या कर्त्यांस एकट्यांसच दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

तिसरी गोष्ट न्यायाची. 'ऑब्लिव्हियन'मध्यें खेळणाराचें बळ जसजसें वाढतें तसतसें बहुतेक शत्रूंचेंही वाढतें. हेतु चांगला होता: कोणासही, केव्हांही, कोठेंही जातां यावें. परंतु त्यामुळें असें होऊं लागलें कीं, रानांतला भुरटा वाटमाऱ्या एखाद्या सरदारासही परवडणार नाहीं असें दुर्मिळ चिलखत घालून समोर येतो आणि किरकोळ रकमेसाठीं दरडावतो. यावर रसिकांनीं जो गहजब केला तो आम्हांस अगदीं शास्त्रशुद्ध वाटतो. अनौचित्याइतका रसभंगाला दुसरा हेतु नाहीं असें आनंदवर्धनानें सांगितलें, आणि अकराव्या शतकांत क्षेमेंद्रानें औचित्य हाच विचार घेऊन स्वतंत्र ग्रंथ रचला. कवीच्या सृष्टीला विधात्याचे नियम लागू नसले तरी तिचे स्वतःचे नियम तिला लागू असतातच. कोलरिजनें १८१७ सालीं वाचकाच्या ज्या स्वखुषीच्या विश्वासाचें वर्णन केलें, तो या नियमांच्या भरंवशावर दिलेला असतो. संस्कृत साहित्यशास्त्राचें नांवही न ऐकलेल्या मुलांनीं वाटमाऱ्याच्या चिलखतावरून नेमका हाच सिद्धांत मांडावा, याचें आम्हांस कौतुक वाटलें.

आतां पूर्वपक्ष. रसिकांची प्रत्येक अपेक्षा अशीच न्याय्य असते काय? मुळींच नाहीं. मालिकेबरोबरच्या १९९८ सालच्या एका पुस्तिकेंत साम्राज्याच्या मध्यप्रांताचें वर्णन दाट उष्ण अरण्य असें केलें होतें. आठ वर्षांनीं तो प्रांत प्रत्यक्ष 'ऑब्लिव्हियन'मध्यें पाहावयास मिळाला तेव्हां तेथें युरोपांतल्यासारखीं सौम्य कुरणें व राया होत्या. जुने रसिक संतापले. पुढें या विसंगतीस कथेच्या आंतूनच कारण जोडलें गेलें: देवपद पावलेल्या एका सम्राटानें त्या भूमीचें हवामान पालटलें. त्याआधीं 'डॅगरफॉल'चे अनेक शेवट होते, आणि त्यांतला खरा कोणता असा प्रश्न उठला असतां 'मॉरोविंड'मध्यें उत्तर आलें कीं, काळाची वीण उसवून ते सर्व एकाच वेळीं घडले. हें वाचून आम्हांस हसूं आलें आणि आदरही वाटला. कारण आमच्या पौराणिकांनीं हीच युक्ति फार पूर्वीं योजिली आहे. दोन पुराणांत एकच कथा दोन तऱ्हांनीं आली कीं ते कल्पभेद सांगतात. मात्र या दोन उत्तरांत एक अंतर आहे. शेवटांच्या प्रश्नाचें उत्तर सृष्टीला समृद्ध करतें. काळ हाच तेथें एक विलक्षण पदार्थ होऊन बसतो. अरण्याचें उत्तर केवळ चूक झांकतें. पहिला लेखकाचा हक्क, दुसरी त्याची पळवाट.

शिवाय रसिक म्हणून जो म्हणतात तो एक मनुष्य नव्हे. ज्यानें प्रथम 'मॉरोविंड' खेळला त्यास पुढील सर्व खेळ उथळ वाटतात. ज्यानें प्रथम 'स्कायरिम' खेळला त्यास 'मॉरोविंड' ओबडधोबड वाटतो. प्रत्येकास हवा असतो तो उत्तम खेळ नव्हे, तर आपलें पंधरावें वर्ष. आमच्या आजोबांनीं बालगंधर्वांचें गाणें ऐकलें होतें. पुढचें कोणाचेंही गाणें त्यांस अखेरपर्यंत पसंत पडलें नाहीं. अशा प्रेक्षकांच्या तंत्रानें जाऊन मराठी संगीत नाटक पदांच्या व 'वन्स मोअर'च्या भारानें वांकलें होतें. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें, तेव्हां पदें थोडकीं ठेवून आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडून करवून ती अपेक्षा मोडली, म्हणून नाटकास नवा श्वास घेतां आला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ सालीं चित्रपटांत आला तेव्हां तोही शाळकरी राहिला नव्हता; वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा झाला होता. जुन्या वाचकांपैकीं ज्यांस फुरसुंगीचा तोच किडकिडीत मुलगा हवा होता ते हिरमुसले असल्यास नवल नाहीं. पण मुलगा कायम शाळेंत राहावा हा हट्ट कथेच्या नियमांतून निघत नाहीं. तो वाचकाच्या गतकालप्रीतींतून निघतो.

मग रसिकांनीं करावें तरी काय? याचें उत्तम उत्तर आम्हांस आमच्याच जिल्ह्यांत, पैठण येथें सांपडतें. शके १२१२ मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत तीन शतकांच्या भाविकांनीं प्रेमापोटीं पाठभेद व पदरच्या ओंव्या मिसळल्या होत्या. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांनीं तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढें जो आपली ओंवी तींत घालील तो अमृताच्या ताटांत करवंटी ठेवील अशा आशयाचा इशाराही दिला. पण याच एकनाथांनीं आपली भक्ति मुकी ठेवली नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधावर त्यांनीं स्वतंत्र, विस्तीर्ण टीका लिहिली. त्यांनीं ताट वेगळें मांडलें, एवढेंच. 'मॉरोविंड'च्या रसिकांनीं हेंच केलें आहे. कर्त्यांनीं खेळाबरोबर तो घडविण्याचें साधनही लोकांच्या हातीं दिलें; आणि मूळ खेळांत जें फक्त बेट आहे त्याच्या पलीकडचा मुख्य भूप्रदेश, २००१ च्या सुमारास सुरू झालेल्या 'टॅम्रिएल रिबिल्ट' या उपक्रमांत, स्वयंसेवक एक पैसाही न घेतां टप्प्याटप्प्यानें बांधीत आले आहेत. वीस वर्षांहून अधिक काळ! त्यांत खूण नाहीं. वाट तोंडीच सांगितलेली आहे. मूळ ज्यास हवें त्यास मूळ जसेंच्या तसें मिळतें. तक्रारीचें रूपांतर श्रमांत होतें तेव्हां तिला मान द्यावा लागतो.

२०१८ च्या जून महिन्यांत या मालिकेच्या सहाव्या खेळाची घोषणा एका मिनिटाहून कमी अशा दृश्यानें झाली. त्यांत डोंगर, किनारा आणि वाद्यसंगीत याहून अधिक कांहीं नव्हतें. एवढ्यावरून तो प्रांत कोणता याचा खल लोकांनीं वर्षानुवर्षें केला. २०२५ च्या एप्रिलांत आली ती 'ऑब्लिव्हियन'चीच नव्या साजांतली आवृत्ति. अपेक्षा जितकी जुनी होते तितकी ती कृतीपेक्षां मोठी होत जाते, आणि मग कोणतीही कृति तिच्यापुढें खुजीच ठरते. तरी ज्या दिवशीं तो सहावा खेळ रसिकांच्या हातीं पडेल त्या दिवशीं त्यांनीं तीन प्रश्न विचारावे असें आम्ही सुचवितों. या जगांतील वस्तु एकमेकींस आधार देतात काय? त्याचा न्याय बलवान आणि दुर्बल, नवखा आणि मुरब्बी, सर्वांस एकच आहे काय? आणि त्यांत चुकण्याची मुभा आहे काय? या तिहींचें उत्तर होकारार्थी असेल तर अरण्याचें कुरण झालें काय आणि कुरणाचें अरण्य झालें काय, कर्त्यास त्याची मोकळीक असावी. उत्तर नकारार्थी असेल तर मात्र रसिकांनीं गप्प बसूं नये. मागच्यासारखेंच द्या, असें म्हणण्याचा हक्क त्यांस नाहीं. तुमच्याच सृष्टीचा नियम तुम्ही कां मोडला, असें विचारण्याचा हक्क मात्र पुरा आहे, आणि टीकाकाराचाही याहून निराळा हक्क आम्ही कधीं मानलेला नाहीं.

राहतां राहिली आमची गोष्ट. या सत्रांत कादंबरीचें अध्यापन सुरू करण्यापूर्वीं आम्ही विद्यार्थ्यांस प्रश्नांची यादी दिली नाहीं. पहिलीं तीन प्रकरणें वाचून या, आणि कोठें चुकलां तें सांगा, एवढेंच म्हटलें. पहिल्या आठवड्यांत वर्ग नाराज होता. दुसऱ्या आठवड्यांत मागच्या बांकावरील एका मुलीनें उठून विचारलें, "सर, ही बाई पहिल्या प्रकरणांत खोटं बोलली होती का?" ती खोटें बोलली होती. पंचवीस वर्षें तें पुस्तक शिकवितांना हा प्रश्न आमच्या यादींत एकदांही आला नव्हता.